आधी मराठीत म्हणा, मग इंग्रजीत लिहा

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी आईवडिलांना माझी एक विनंती आहे. मुलांना इंग्रजीतलं 'हिज' आणि 'हर' हिंदीतून समजावू नका, मराठीतून समजावा. मूल इंग्रजी माध्यमात असो, महापालिकेच्या शाळेत असो, की शिक्षण संपवून नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत असो, एवढी एक गोष्ट पाळली तरी त्याच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका थांबतील.

असं का म्हणते ते तीन साध्या वाक्यांवरून सांगते. माझी बहीण विठ्ठलवाडीला राहते. तिचा नवरा अंबरनाथला कारखान्यात कामाला आहे. त्याची आई आजारी आहे. आता हेच आपल्याकडच्या हिंदीत म्हणून बघा. मेरी बहन विठ्ठलवाडी में रहती है. उसका पति अंबरनाथ में काम करता है. उसकी माँ बीमार है. या हिंदीवरून मूल इंग्रजी करायला बसलं की 'उसका' दिसल्यावर त्याला पुरुष आठवतो आणि ते 'हिज हजबंड' लिहितं. 'उसकी' दिसल्यावर बाई आठवते आणि ते 'हर मदर' लिहितं. दोन्ही चूक. हवं होतं 'हर हजबंड' आणि 'हिज मदर'.

पहिली चूक निदान कुणाच्याही लक्षात येते. बहिणीबद्दल बोलताना 'हिज हजबंड' वाचलं की वाचणारा अडखळतो. दुसरी चूक मात्र फार वाईट, कारण 'हर मदर इज इल' या वाक्यात व्याकरणाचा काहीच दोष नाही. मास्तरांची लाल शाई तिथे थांबणार नाही, मोबाइलही खाली रेघ ओढणार नाही. फक्त अर्थ बदललेला असतो. आजारी होती बहिणीची सासू, आणि लिहिलं गेलं बहिणीची आई, म्हणजे लिहिणाऱ्याची स्वतःचीच आई! रजेच्या अर्जात असं वाक्य गेलं आणि साहेबांनी दुसऱ्या दिवशी आईच्या तब्येतीची चौकशी केली, तर आपला मुलगा किंवा मुलगी उगाचच खोटी पडते.

आता मराठी वाक्यांकडे परत या. 'तिचा नवरा.' यातला 'तिचा' हा शब्द दोन तुकड्यांचा आहे. पुढे 'ति', मागे 'चा'. पुढचा तुकडा सांगतो कुणाचा, आणि मागचा तुकडा नवऱ्याशी जुळवून घेतो. नवऱ्याच्या जागी सासू आली तर 'तिची', घर आलं तर 'तिचं', पैसे आले तर 'तिचे'. 'ति' जागचा हलत नाही, कारण मालकीण तीच आहे. 'त्याचा, त्याची, त्याचं, त्याचे' यांचंही तसंच. इंग्रजीला यातला पुढचाच तुकडा लागतो. म्हणून मुलांना एवढंच सांगायचं: शब्दाचं डोकं बघ, शेपूट सोडून दे. डोकं 'त्या' असेल तर 'हिज', 'ति' असेल तर 'हर'. मागे 'चा' आहे की 'ची' आहे, इंग्रजीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

हिंदीत हे का जमत नाही? कारण 'उसका'चं डोकं आहे 'उस', आणि 'उस' पुरुषालाही चालतं, बाईलाही चालतं. मालक कोण ते त्या शब्दात नाहीच. मुलाच्या हातात मग फक्त शेपूट उरतं, आणि ते शेपूट मालकाचं नसून वस्तूचं असतं. यात हिंदीत काही कमी आहे असं अजिबात नाही. हिंदी बोलणाऱ्याला मागच्यापुढच्या बोलण्यावरून सगळं बरोबर कळतं. भाषांच्या रीती वेगळ्या असतात इतकंच. फ्रेंचमध्येही मालकीच्या शब्दात 'त्याचा-तिचा' हा फरक नसतो, तो शब्द वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो. इंग्रजी फक्त मालकाकडे बघते. आणि आपली मराठी एकाच शब्दात दोन्ही सांगते. इंग्रजीला जे हवं आहे ते मराठी मुलाच्या तोंडात शाळेत जायच्या आधीपासून असतं. ते बाजूला ठेवून, जिथे ती खूणच नाही अशा भाषेतून त्याला फिरवून आणायचं, याला काय म्हणावं?

हे इथे, कॅम्पात, मुद्दाम सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना त्याच बराकींत जागा मिळाली. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या काळात त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं, तरी 'कॅम्प' हा शब्द पत्त्यात आणि तोंडात आजपर्यंत टिकून आहे. आज मराठा सेक्शनपासून लालचक्कीपर्यंत नुसतं चालत गेलात तरी मराठी, सिंधी, हिंदी, गुजराती सगळं कानावर पडतं. किराणा घेताना, रिक्षात बसताना, शिवणकामाच्या कारखान्यात, जिन्यात शेजाऱ्याशी बोलताना आपण सहज हिंदीत जातो. माणसं एकमेकांना धरून राहिली ती या मिळूनमिसळून वागण्यामुळेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळच्या क्लासमध्ये वीस मुलं चार भाषांच्या घरांतून आलेली असतात. शिकवणारी ताई सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलते, आणि मराठी मुलाचं 'त्याचा-तिचा' तिथेच मागे पडतं.

आपल्या सिंधी शेजाऱ्यांच्या मुलांनाही हीच अडचण येते. सिंधीत 'हुन जो' आणि 'हुन जी' म्हणतात, त्यात 'हुन' पुरुष की बाई ते कळत नाही. शिवाय सिंधीची आणखी एक खासियत आहे. 'त्याचे' किंवा 'तिचे' यासाठी वेगळा शब्द न वापरता नात्याच्या नावालाच छोटा प्रत्यय लावता येतो. 'पिणसि' म्हटलं की त्याचे किंवा तिचे वडील, एका शब्दात. अर्न्स्ट ट्रुम्प या जर्मन अभ्यासकाने १८७२ मध्ये सिंधीचं व्याकरण छापलं, त्यात या प्रत्ययांची सविस्तर मांडणी आहे. इतकी बारकाईची भाषा ज्या घरात बोलली जाते, त्या घरातल्या मुलाला 'हिज-हर' जमत नाही म्हणून कुणी ढ म्हणू नये. त्याला प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: कुणाचं, बाप्याचं की बाईचं? क्लास घेणाऱ्या ताईंनी आणि दादांनी हिंदीतच शिकवायचं असेल तर फळ्यावर 'उसका' लिहिताना वर छोट्या अक्षरात मालकाचं नाव लिहावं. त्याने सगळ्यांचंच भलं होईल.

आता आईवडिलांशी बोलते. तुमच्यापैकी पुष्कळांना वाटतं, आपण मराठी शाळेत शिकलो, आपलं इंग्रजी कच्चं, आपण मुलाला काय सांगणार? राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० मध्ये. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांना इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि त्याची भीती मनात राहून गेली. पण तुमच्याही आधीच्या किती पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या ते आठवा. मराठी वाक्य वाचायचं, त्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजी वाचायचं, त्याचं मराठी करायचं. त्या माणसांनी कोर्टात, रेल्वेत, टपाल खात्यात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. मराठी हा त्यांचा अडसर नव्हता. 'त्याचा' आणि 'तिचा' यातला फरक तुम्हाला कळतो ना? मग 'हिज' आणि 'हर' शिकवायला तुम्ही पुरेसे आहात.

मराठीतून गेलं की पुढे सगळं सोपं, असं मात्र सांगणार नाही. मराठीचे स्वतःचे काही खळगे आहेत, ते ठाऊक असले की झालं.

पहिला खळगा आदराचा. आपण वडिलांना 'तो' म्हणत नाही. 'बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. ते निवृत्त झाले. त्यांची पेन्शन सुरू झाली.' मूल प्रामाणिकपणे 'ते'चं 'दे' करतं आणि 'त्यांची'चं 'देअर' करतं. वाचणाऱ्याला वाटतं, निवृत्त झालेली माणसं दोन-चार आहेत. इंग्रजीत एकटे वडील म्हणजे 'ही', त्यांची पेन्शन म्हणजे 'हिज पेन्शन'. काकू, आजी, वर्गाच्या बाई या सगळ्या 'शी', आणि त्यांची पिशवी 'हर बॅग'. मुलांना हे जड जातं, आणि मला त्यांचं कौतुकच वाटतं, कारण घरात शिकवलेलं त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. त्यांना शांतपणे सांगा की 'ही' म्हणजे अरेतुरे नाही. इंग्रजीत आदर या शब्दात नसतो, तो 'सर', 'मॅडम', 'प्लीज' यांत आणि बोलण्याच्या सुरात असतो. तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून त्यांच्याकडे एकटं 'यू' आहे, आणि तुझं, तुमचं, आपलं या सगळ्याला 'युअर'. राष्ट्रपतींनाही 'यू' आणि वर्गातल्या मित्रालाही 'यू'.

त्याच्याच बाजूला 'आमचे' आहे. आपण घरातली माणसं सांगताना 'आमची आई', 'आमचे हे', 'आमचा मोठा मुलगा' म्हणतो. बोलणारी एकटी असते, तरी 'माझा' म्हणायला संकोच वाटतो. दवाखान्यात किंवा बँकेत इंग्रजीतून सांगायची वेळ आली की तोंडात 'अवर हजबंड' येतं. तिथे 'माय हजबंड'च म्हणायचं. ते उद्धट नाही.

तिसरा खळगा निर्जीव वस्तूंचा. मराठीत खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो. 'बदलापूर लोकल आली, पण तिचे डबे भरलेले होते.' मूल 'हर' लिहितं. वस्तूला आणि गाडीला इंग्रजीत 'इट', आणि तिच्या मालकीचं ते 'इट्स'. इथे लिहिताना आणखी एक काळजी घ्यायची. मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या मध्ये वर काढतात ती छोटी खूण, येत नाही. ती खूण आली की त्याचा अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज' असा होतो. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स' यांपैकी कुणालाच ती खूण नाही, म्हणून 'इट्स'लाही नाही. नावाला मात्र ती लागते: रामूची सायकल, काकूची पर्स. दुकानांच्या पाट्यांवर आणि कंपन्यांच्या पत्रांतसुद्धा ही चूक दिसते, तेव्हा मुलाची झाली तर रागावू नका.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो खळगा असा, की मराठी माणूस पुष्कळदा मालकी सांगतच नाही. शाळेतून आलेलं मूल काय म्हणतं? 'हात धुतले, डबा घासायला टाकला, आईला फोन केला.' कुणाचे हात, कुणाचा डबा, कुणाची आई? सांगायची गरजच नाही. इंग्रजीत तीनही ठिकाणी 'माय' लागतं: माय हँड्स, माय टिफिन, माय मदर. हात, पाय, डोकं, आईबाप, भावंडं, कपडे, दप्तर, म्हणजे जे जे माणसाला चिकटलेलं आहे, त्याच्या आधी इंग्रजी मालकाचा शब्द मागते. 'तिने मान हलवली' यात मराठीत मालक नाही, इंग्रजीत मात्र 'हर हेड' म्हणावंच लागतं. मराठी कानाला इतकं 'माझं माझं' जास्त वाटतं, तरी तिथे ते टाकलं नाही तर वाक्य अर्धवट राहतं.

आणि याची उलट बाजूही पाहा. इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुलं आता घरात म्हणायला लागली आहेत, 'मी माझे हात धुतले', 'त्याने त्याचं डोकं हलवलं', 'मी माझ्या आईला सांगेन'. यातलं शेवटचं वाक्य तर ती आईसमोरच म्हणतात. हे ऐकलं की लगेच हसून सुधारा: हात धुतले म्हण, आईला सांगेन म्हण. इंग्रजीत 'माय' घालायला आणि मराठीत 'माझे' गाळायला मूल एकाच दिवशी शिकू शकतं, आणि तसंच शिकवावं. एक भाषा चांगली करताना दुसरी बिघडवायची काही गरज नाही.

मग येतं 'असणं'. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे पास आहे. मला ताप आहे. त्याचं गावाला घर आहे. मालकी सांगायच्या इतक्या तऱ्हा आपल्याकडे आहेत, आणि यात कर्ता आहे ती वस्तू. भाऊ आहेत, पास आहे, घर आहे. माणूस बाजूला 'मला', 'माझ्याकडे', 'त्याचं' असा उभा असतो. इंग्रजीत माणूसच पुढे येतो आणि क्रियापदही त्याच्यासारखं चालतं: आय हॅव, शी हॅज. म्हणून 'मला', 'माझ्याकडे', 'माझं' यांपैकी काहीही असलं तरी आधी माणूस पुढे आणायचा आणि मग 'हॅव' किंवा 'हॅज' जोडायचं, एवढं घोटून घ्या. मुलाखतीत 'टेल मी अबाउट युअर फॅमिली' हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं तिथेच अडतात, म्हणून याचा सराव आधी करा.

'माय' आणि 'माइन'चं थोडक्यात सांगते. ही माझी वही, ही वही माझी, मराठीत दोन्हीकडे 'माझी'. इंग्रजीत वस्तूचं नाव पुढे आलं तर 'माय', नाव नसेल तर 'माइन'. तसंच हर आणि हर्स, युअर आणि युअर्स. 'हिज' तेवढा दोन्हीकडे सारखाच राहतो. आणि मी व बहीण अशी जोडी सांगायची असेल तर आपण 'मी आणि माझी बहीण' म्हणतो, इंग्रजीत चांगल्या बोलण्यात बहीण आधी: 'माय सिस्टर अँड आय'.

एक ठिकाण असं आहे जिथे मराठी इंग्रजीच्याही पुढे आहे, आणि तिथे मोठ्यांनीही जपून लिहावं. 'शेजाऱ्याने भावाला सांगितलं की आपली गाडी चोरीला गेली.' इथे 'आपली' म्हणजे शेजाऱ्याची स्वतःची. 'त्याची गाडी' म्हटलं तर भावाची, निदान नेमकं बोलणाऱ्याच्या तोंडी तरी. इंग्रजीत दोन्हीला 'हिज'. पोलिसांत तक्रार देताना, विम्याचा कागद भरताना, सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र लिहिताना दोन पुरुष किंवा दोन बायका एका वाक्यात आल्या, की 'हिज' आणि 'हर'वर विसंबू नका. सरळ नाव लिहा किंवा नातं लिहा: माझ्या भावाची गाडी, शेजाऱ्याची गाडी. तोच शब्द दोनदा आला म्हणून वाक्य वाईट होत नाही. गाडी कुणाची याचा घोळ झाला तर मात्र कागद परत येतो. 'वी'च्या बाबतीतही असंच जपा. 'आम्ही येऊ' आणि 'आपण जाऊ' यात ऐकणारा धरला आहे की नाही ते मराठीत लगेच कळतं, 'वी'मध्ये कळत नाही. कामाच्या ठिकाणी इंग्रजीत निरोप लिहिताना कोण कोण ते नावानिशी सांगावं.

हे सगळं शिकवायला वेगळा क्लास लावू नका. रात्री जेवणं झाल्यावर एक वही घ्या. मुलाला घरातल्याच माणसांबद्दल पाच-सहा वाक्यं मराठीत बोलायला सांगा. आत्या कुठे राहते, तिचा मुलगा काय करतो, त्याची बायको कुठली, तिचे वडील काय करतात. नात्यांची अशी साखळी घेतली की 'त्याचा' आणि 'तिचा' आळीपाळीने येतात आणि मूल झोपेत उत्तर देऊ शकत नाही. ती वाक्यं तशीच मराठीत लिहून घ्या. प्रत्येक 'त्याचा-तिचा'च्या डोक्याला गोल करायला सांगा. मगच खाली इंग्रजी. आजी-आजोबांचं वाक्य एक तरी असू द्या, म्हणजे आदराचा खळगा येईल, आणि घरातल्या एखाद्या वस्तूचं एक, म्हणजे 'इट्स' येईल. इंग्रजी तुम्हाला तपासता आलं नाही तरी चालेल. गोल बरोबर ठिकाणी आहे की नाही ते तुम्ही नक्की बघू शकता, आणि 'हिज-हर'चा निर्णय तिथेच होतो. स्पेलिंगं शाळा बघेल.

सिंधी, गुजराती किंवा उत्तरेकडून आलेल्या शेजाऱ्यांचं मूल सोबत बसायला आलं तर त्यालाही बसवा. त्याला 'त्याचा-तिचा' मराठीतून एकदा कळलं की त्याचंही काम सोपं होईल, आणि मराठीही येईल.

आज रात्रीच सुरुवात करा. पहिलं वाक्य आत्याचं घ्या.